जुलाब थांबले, मग पाय का लुळे पडले?



२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागातून एक नाव घरोघरी पोचले. जीबीएस, म्हणजे गुइलेन बॅरे सिंड्रोम. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात चालतीबोलती माणसे एक-दोन दिवसांत अंथरुणाला खिळली. पुढच्या काही आठवड्यांत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले, काही दगावले.

सातारा-सांगलीच्या आपल्या वस्त्यांना ही बातमी लांबची नव्हती. आपली किती तरी मुले-मुली पुण्यात कंपनीत कामाला किंवा शिकायला आहेत. धायरी-नऱ्हे भागात खोली करून राहतात, सणासुदीला स्वारगेटवरून एसटी धरून घरी येतात. तेव्हा फोनवरून, विहारात, नळावर सगळीकडे एकच प्रश्न होता : जुलाब झाले, ते थांबले, माणूस बरा झाला, मग दोन आठवड्यांनी पाय कसे गेले? कोणी म्हणाले हवा लागली, कोणी म्हणाले बाहेरचे काही आहे.

या प्रश्नाला विज्ञानाकडे उत्तर आहे. ते समजले की तीन गोष्टी आपोआप समजतात : दवाखान्यात केव्हा पळायचे, भगताकडे का जायचे नाही आणि नळाच्या पाण्यासाठी का भांडायचे.

वर्णनावरून पकडला जाणारा निरपराध

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या शरीराचे पहारेकरी. बाहेरून जंतू आला की पहारेकरी त्याच्या अंगावरची खूण पाहतात. जंतूच्या वरच्या आवरणावर प्रथिनांचे आणि साखरेच्या साखळ्यांचे ठरावीक आकार असतात. त्या आकारात नेमकी बसेल अशी वस्तू पहारेकरी तयार करतात. तिला प्रतिपिंड म्हणतात, दवाखान्यात डॉक्टर अँटिबॉडी म्हणतात. कुलपाला किल्ली बसावी तसे प्रतिपिंड जंतूला जाऊन चिकटते आणि मग त्या जंतूचा नाश होतो. आपण बहुतेक आजारांतून बरे होतो ते यामुळेच.

आता यात चूक कुठे होते ते पाहा. पोलिसांकडे चोराचे वर्णन आले, "लाल शर्ट, उंच, सावळा." तेवढ्या वर्णनावरून शोध सुरू झाला की तसाच शर्ट घातलेला कामावरून घरी येणारा पोरगाही उचलला जातो. दिसण्यावरून संशय घेणे म्हणजे काय, हे आपल्या वस्तीला कोणी वेगळे शिकवायला नको. शरीरातही असेच घडू शकते. जंतूच्या अंगावरची खूण आणि आपल्याच एखाद्या अवयवावरची खूण सारखी असेल, तर जंतूसाठी बनलेले प्रतिपिंड आपल्याच अवयवाला जाऊन चिकटते. पहारेकरी त्यालाच शत्रू समजून मारू लागतात.

या सारखेपणाला शास्त्रात मॉलेक्युलर मिमिक्री म्हणतात. साध्या भाषेत, रेणूंची नक्कल. आणि आपल्याच शरीरावर उलटणाऱ्या प्रतिपिंडांमुळे जे आजार होतात त्यांना ऑटोइम्यून, म्हणजे स्वप्रतिकार आजार म्हणतात.

पुण्यात काय घडले

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयव्हीने, रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासले. त्यांतल्या काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय नावाचा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस हा विषाणू सापडला. दोन्ही घाणेरड्या पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातात. कॅम्पिलोबॅक्टर कोंबडीच्या आतड्यात असतो, म्हणून अर्धेकच्चे चिकन हाही त्याचा एक रस्ता.

या कॅम्पिलोबॅक्टरच्या काही जातींच्या आवरणावर साखरेची एक साखळी असते. आपल्या मज्जातंतूंवर, म्हणजे मेंदू-मणक्याकडून हातापायांकडे हुकूम नेणाऱ्या नसांवर, गँग्लिओसाइड नावाचे पदार्थ असतात. त्यांच्यावरही जवळजवळ तशीच साखळी असते. जंतूवर सोडलेली प्रतिपिंडे नसांवर जाऊन बसतात. नस म्हणजे विजेची वायर समजा. कधी वायरवरचे प्लास्टिक सोलले जाते, कधी आतली तारच दुखावते. मेंदू हुकूम सोडतो, "पाय उचल," पण हुकूम पायापर्यंत पोचत नाही. स्नायू धड असतात, मेंदू धड असतो, मधली वायर तुटलेली असते.

या आजाराला ज्यांचे नाव आहे ते गुइलेन आणि बॅरे हे फ्रान्सचे डॉक्टर. १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, त्यांनी आणि स्ट्रोल या त्यांच्या सहकाऱ्याने दोन सैनिकांमध्ये हा आजार नोंदवला. पण तो होतो कसा, हे कळायला पुढे अनेक दशके गेली. १९९३ मध्ये जपानच्या नोबुहिरो युकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅम्पिलोबॅक्टरच्या आवरणातली साखळी आणि नसेवरची साखळी सारखी असल्याचे दाखवले. २००४ मध्ये त्यांनी जंतूचा तोच आवरणाचा भाग सशांना टोचला, तेव्हा सशांच्या अंगात तशीच प्रतिपिंडे तयार झाली आणि त्यांचे पाय लुळे पडले. संशय पुराव्यापर्यंत पोचला तो असा.

मधे दोन आठवडे का जातात

प्रतिपिंडे एका दिवसात बनत नाहीत. पहारेकऱ्यांना खूण पाहून, साचा पाडून, भरपूर माल तयार करायला एक ते तीन आठवडे लागतात. तोवर जुलाब थांबलेले असतात, माणूस कामावर गेलेला असतो. म्हणून घरच्यांना दोन आजारांचा संबंध लागत नाही, आणि मधल्या काळात घडलेल्या कशावर तरी खापर फुटते : अमावास्येला बाहेर गेली होती, अमक्याच्या घरी जेवली होती.

यासाठीच डॉक्टरांना स्वतःहून सांगायचे : "गेल्या महिना-दीड महिन्यात जुलाब झाले होते," किंवा "ताप-खोकला येऊन गेला." जीबीएसच्या सुमारे तीनपैकी दोन रुग्णांना आधीच्या सहा आठवड्यांत असा काही संसर्ग झालेला असतो.

आणि घाबरायचेही नाही. कॅम्पिलोबॅक्टरचे जुलाब झालेल्या हजारात एखाद्यालाच, किंवा त्याहूनही कमी जणांना जीबीएस होतो. जंतूची जात कोणती आणि त्या माणसाच्या शरीराची घडण कशी, यावर ते ठरते. जुलाब झाले म्हणजे पाय जाणारच असे मुळीच नाही.

घसा दुखतो पोराचा, मार बसतो हृदयाला

असाच एक आजार पुण्याच्या बातमीपेक्षा जुना आणि आपल्या वस्त्यांच्या जास्त जवळचा आहे. त्याला संधिवाताचा ताप, म्हणजे र्‍हुमॅटिक फिव्हर म्हणतात. एका खोलीत सहा-सात माणसे, खिडकी एकच, हवा कोंडलेली. अशा घरांत स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे मुलांचा घसा वारंवार धरतो. या जंतूच्या अंगावर एम प्रथिन नावाचे प्रथिन असते. ते हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनाशी मिळतेजुळते आहे. इथेही तीच गफलत होते.

साधारण ५ ते १५ वर्षांच्या मुलामुलींत, घसा बरा झाल्यावर दोन-चार आठवड्यांनी ताप येतो. आज गुडघा सुजतो, परवा घोटा, मग कोपर. सांधे पुढे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. तीच मुलगी मोठी होते, लग्न होते आणि पहिल्या बाळंतपणात तिला धाप लागते, तेव्हा घरच्यांना कळते की झडप खराब आहे.

काही मुलांमध्ये हीच प्रतिपिंडे मेंदूच्या एका भागावर परिणाम करतात. हातपाय आपोआप हलतात, तोंड वेडेवाकडे होते, हातातला पेला पडतो. या आजाराला कोरिया म्हणतात. अशी मुलगी पाहिली की लोक म्हणतात, अंगात आले. तिला देवळात किंवा दर्ग्यात घेऊन जाऊ नका. बालरोगतज्ज्ञाकडे न्या आणि हृदयाची तपासणी करून घ्या.

यावरचे औषध जुने आणि स्वस्त आहे : पेनिसिलिन. घसा धरल्यानंतर नऊ दिवसांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने योग्य औषध पूर्ण घेतले तर हा ताप टळू शकतो. एकदा ताप येऊन गेला असेल तर तीन-चार आठवड्यांनी एक पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. आईला वाटते, पोर आता हसतेखेळते, कशाला टोचायचे? पण इंजेक्शन बंद केले आणि घसा पुन्हा धरला की झडपेला आणखी मार बसतो. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. त्यांच्या तपासणीत हा आजारही आहे. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका.

विषाणूंबद्दल सिद्ध किती आणि शंका किती

विषाणूंच्या प्रथिनांबद्दलही हाच संशय घेतला जातो. २०२२ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या सैन्यातल्या एक कोटीहून अधिक तरुणांच्या नोंदी त्यात पाहिल्या. एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूची लागण झाल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मणक्याच्या आजाराचा धोका सुमारे ३२ पट वाढलेला दिसला. त्याच वर्षी दुसऱ्या शास्त्रज्ञांनी दाखवले की या विषाणूचे एक प्रथिन आपल्या मेंदूतल्या एका प्रथिनासारखे आहे, आणि काही रुग्णांची प्रतिपिंडे दोघांनाही चिकटतात.

पण हा विषाणू जगातल्या दहापैकी नऊहून जास्त प्रौढांच्या अंगात असतो आणि मल्टिपल स्क्लेरोसिस फार थोड्यांना होतो. म्हणजे सारखेपणा हे एक कारण असू शकते, एकटे नाही. झिका, डेंगी, चिकुनगुन्या आणि कोविडनंतरही काहींना जीबीएस झाल्याच्या नोंदी आहेत. तिथे नेमके कोणते प्रथिन फसवते, हे अजून पक्के झालेले नाही. प्रयोगशाळेत दोन प्रथिने सारखी दिसली म्हणजे आजाराचे कारण सापडले असे होत नाही. रुग्णाच्या रक्तात ती प्रतिपिंडे सापडावी लागतात, त्यांनी इजा होते हे दाखवावे लागते. कॅम्पिलोबॅक्टर आणि जीबीएसच्या बाबतीत या पायऱ्या चढून झाल्या आहेत. संधिवाताच्या तापातही पुरावा भक्कम आहे. बाकी ठिकाणी शोध चालू आहे.

मोबाइलवर येणारे मेसेज ही फोड करत नाहीत. "अमुक काढा घ्या, अँटिबॉडी साफ होतील" असे कोणी लिहिले तर विचारा, पुरावा कुठे? कालाम लोकांना तथागतांनी हेच शिकवले : परंपरा आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या.

करणी नव्हे आणि पूर्वजन्मीचे पापही नव्हे

बुद्धाचा धम्म कार्यकारणावर उभा आहे. कारणाशिवाय काही घडत नाही आणि कारण दूर केले की परिणाम थांबतो. घाण पाणी, त्यातून जंतू, जंतूवरची फसवी खूण, खुणेमुळे प्रतिपिंड, प्रतिपिंडामुळे नसेला इजा, म्हणून पाय लुळा. या साखळीत भूत बसायला जागा नाही. गरिबी आणि दुःख हे मागच्या जन्मीच्या कर्माचे फळ, ही शिकवण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारली आहे. आजारी माणसाला "तुझे भोग" म्हणणे ही तीच शिकवण मागच्या दाराने घरात घेणे आहे.

आपल्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर हेच सांगत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची पुण्यात हत्या झाली, त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. उपचार अडवून मंत्रतंत्र करणाऱ्यावर तक्रार करता येते, हे लक्षात असू द्या. जीबीएसमध्ये तर भगताकडे घालवलेले दोन दिवस म्हणजे श्वासाचे दोन दिवस.

केव्हा धावायचे

पुढची लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नका :

– दोन्ही पायांत मुंग्या, बधिरपणा, आणि पाठोपाठ अशक्तपणा. चप्पल पायातून निसटते, जिना चढवत नाही, खाली बसल्यावर उठता येत नाही.
– अशक्तपणा पायांकडून वर हातांकडे सरकतो, तासातासाला किंवा दिवसादिवसाला वाढतो.
– तोंड वाकडे होते, डोळा नीट मिटत नाही, एकाची दोन दिसतात.
– गिळताना ठसका लागतो, आवाज बदलतो.
– धाप लागते. एका दमात १ ते २० आकडे मोजायला सांगा. मधेच दम तुटत असेल तर १०८ ला फोन करा.

लकव्यात बहुधा एकच बाजू जाते. इथे दोन्ही बाजू जातात आणि माणूस पूर्ण शुद्धीत असतो. गिळता येत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, चहा, काढा घालू नका. ते फुप्फुसात जाते. पायाला गरम विटेचा किंवा निखाऱ्याचा शेक देऊ नका. बधिर पायाला चटका कळत नाही, जखम होते.

अशा रुग्णाला लहान दवाखान्यात सलाईन लावून ठेवण्यात अर्थ नाही. जिथे अतिदक्षता विभाग आणि व्हेंटिलेटर आहे तिथे न्यायचे. साताऱ्याला जिल्हा शासकीय रुग्णालय, सांगलीला वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. रुग्ण आज बोलतोय म्हणून उद्याही बोलेल असे या आजारात धरता येत नाही.

उपचार आणि पैसा

दोन उपचार गुणकारी ठरले आहेत. एक, इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन, साधारण पाच दिवस. हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून ते तयार होते. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपण रक्तदान शिबिरे घेतो. त्या रक्ताचे मोल किती, ते अशा आजारात कळते. दोन, प्लाझ्मा बदलणे. यात यंत्रातून रक्त फिरवून त्यातली उलटलेली प्रतिपिंडे काढतात. पहिला उपचार आजार सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत व्हावा, दुसरा चार आठवड्यांच्या आत. जितका लवकर तितका बरा. दोन्हींपैकी कोणता, हे डॉक्टर ठरवतात. नुसती स्टेरॉइडची इंजेक्शने या आजारात उपयोगी पडत नाहीत.

इंजेक्शनची किंमत ऐकून लोक दागिने गहाण टाकतात, सावकाराकडे जातात. पुण्याच्या साथीत सरकारला ससून, कमला नेहरू आणि पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात मोफत उपचार जाहीर करावे लागले. आपल्याकडे महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. आधी विचारा, मग पैसे भरा. अडवणूक झाली तर १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करता येते.

आपले मूल १५ वर्षांच्या आतले असेल आणि पाय अचानक लुळे पडले असतील, तर आरोग्य कर्मचारी दोन वेळा शौचाचा नमुना मागतील. पोलिओ नाही ना, याची ती खात्री असते. भारत २०१४ साली पोलिओमुक्त जाहीर झाला. तो तसा राहावा म्हणून ही तपासणी चालू आहे. नमुना नाकारू नका.

घरची शुश्रूषा

बहुतेक रुग्ण बरे होतात, पण आठवडे नव्हे, महिने लागतात. पाचपैकी सुमारे एकाला सहा महिन्यांनंतरही आधाराशिवाय चालता येत नाही. घरी आल्यावरचे काम घरच्यांचे आहे.

दर दोन तासांनी कूस बदला. कंबर, टाच, खांदे रोज बघा, लाल डाग दिसला की तिथला दाब काढा. अंथरूण कोरडे ठेवा. फिजिओथेरपिस्टने दाखवलेले व्यायाम रोज करवून घ्या, सांधे आखडू देऊ नका. डोळा मिटत नसेल तर डॉक्टरांनी दिलेले थेंब घाला. आणि त्याच्याशी बोला. हलता येत नसले तरी त्याला सगळे ऐकू येते, कळते. खाटेपाशी उभे राहून "आता याचे काय होणार" असे बोलू नका.

हे काम सुनेवर किंवा मुलीवर एकटीवर टाकू नका. विनयपिटकातली गोष्ट आपण विहारात ऐकतो. पोटाच्या विकाराने एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता, कोणी लक्ष देत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला आंघोळ घातली, उचलून खाटेवर ठेवले. भगवंताला कमीपणा वाटला नाही, तर आपल्या घरातल्या पुरुषांना बापाचे अंथरूण बदलायला का वाटावा?

साखळी तोडायची ती पाण्यापाशी

नसेवर बसलेले प्रतिपिंड आपल्या हातात नाही. जंतू पोटात जाऊ न देणे बरेचसे आपल्या हातात आहे. पाणी खळखळून उकळवा, झाकून ठेवा, ओगराळ्याने घ्या. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा. चिकन पूर्ण शिजवा, कच्चे चिकन कापलेली विळी-सुरी आणि पाट धुतल्याशिवाय त्यावर काकडी-कांदा चिरू नका. जुलाब लागले तर ओआरएस चालू करा, मुलांना आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या. मनाने अँटिबायोटिक घेऊ नका.

पण सगळा भार घरच्या चुलीवर टाकून चालणार नाही. गॅस महाग आहे, पाणी उकळायला पैसे पडतात. पुण्यात पाण्याचे नमुने तपासले तेव्हा अनेक ठिकाणचे पाणी पिण्यायोग्य नव्हते. खासगी आरओ प्रकल्पांचेही पाणी खराब निघाले आणि महापालिकेला ते प्रकल्प बंद करावे लागले. म्हणजे विकतचा जार ही काही खात्री नाही. शुद्ध पाणी देणे हे नगरपालिकेचे आणि ग्रामपंचायतीचे काम आहे.

आपल्या भागात धोका दोन्हीकडून आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगलीत कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले. पूर ओसरल्यावर गटार आणि नळ एक होतात. दुसरीकडे माण, खटाव, जत, आटपाडीला उन्हाळ्यात टँकर येतो. त्यात टीसीएल पावडर टाकली की नाही, हे कोण बघते? आपण बघायचे. जलसुरक्षकाला सांगा, आमच्या वस्तीच्या शेवटच्या नळावर ओटी टेस्ट करून दाखवा. पाण्यात दोन थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. टाकीजवळच्या नळावर पिवळे आणि वस्तीच्या टोकाला पांढरे, असे झाले तर मधे पाइप फुटला आहे किंवा क्लोरीन कमी पडले आहे. तारीख, वेळ, नळाची जागा वहीत लिहा, फोटो काढा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ग्रामसभेत हा विषय मांडा.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते तळे "शुद्ध" केले. पाणी आपल्या हाताने बाटते, असे ते मानत होते. पाणी कशाने बाटते हे आज ओटी टेस्टचे दोन थेंब सांगतात. महाडला हक्क मिळवायचा होता तो पाण्यापर्यंत पोचण्याचा. आता नळ दारात आला आहे, त्यातून येणारे पाणी पिण्याजोगे असावे, हा त्याच हक्काचा पुढचा भाग आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जीबीएस एकाचा दुसऱ्याला लागतो का?
नाही. जुलाबाचा जंतू पसरू शकतो, लुळेपणा पसरत नाही. रुग्णाला वेगळे ताट-वाटी, वेगळी खोली नको.

लस घेतल्याने असे होते म्हणतात. मग मुलांना लस द्यावी का?
द्यावीच. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या एका लशीनंतर लाखात सुमारे एक जादा रुग्ण आढळला आणि ती मोहीम थांबवली गेली. तेव्हापासून लशींवर बारीक लक्ष ठेवले जाते. गोवर, घटसर्प, पोलिओचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. ज्याला आधी जीबीएस झाला आहे त्याने लस घेण्याआधी डॉक्टरांना तसे सांगावे.

प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पावडरी घ्याव्यात का?
या आजारात पहारेकरी कमी पडलेले नसतात, त्यांची ओळख चुकलेली असते. पावडरीने ओळख सुधारत नाही. त्या पैशात अंडी, डाळ, भाजी आणा.

एकदा झालेला परत होतो का?
बहुतेकांना होत नाही, थोड्यांना होतो. मुंग्या पुन्हा सुरू झाल्या तर थांबू नका.

विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा

१. जुलाब किंवा तापानंतर सहा आठवड्यांत दोन्ही पाय अशक्त झाले : लगेच मोठे रुग्णालय.
२. एका दमात २० पर्यंत मोजता येत नाही : १०८.
३. गिळता येत नाही : तोंडात काहीही घालू नका.
४. मुलाचा घसा धरला, ताप आला : डॉक्टरांकडून औषध, पूर्ण कोर्स.
५. पेनिसिलिनचे इंजेक्शन लावून दिले असेल : तारीख चुकवू नका.
६. दर महिन्याला वस्तीच्या शेवटच्या नळावर ओटी टेस्ट, वहीत नोंद.

सहावे काम कोणी एकाने घ्यावे. प्रत्येक वस्तीत बारावी शिकलेली एखादी मुलगी असतेच. तिच्या हातात वही द्या आणि ग्रामपंचायतीत जाताना तिच्यासोबत चारजण जा.

जयभीम, नमो बुद्धाय.